कमी केलेला आवाज

बूथमध्ये बसून तिने बटण दाबलं, तेव्हा बाहेरून पेन्सिलने अजून आवाज सोडलाच नव्हता. जाड काचेपलीकडे पेन्सिल हसली आणि मायक्रोफोनमधून म्हणाली, "अगं, मी अजून सुरुवात कुठे केलीय? भुतं वाजतायत का कानात?" पेन्सिल म्हणजे तिची सहकारी, अंगाने काडी आणि कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून सगळा दवाखाना तिला तेच म्हणायचा. कानांच्या त्या दवाखान्यात रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, दोघींपैकी एकीने आवाजबंद बूथमध्ये बसायचं, हेडफोन लावायचे, आणि दुसरीने बाहेरच्या यंत्रावरून एकेक बारीक स्वर सोडायचा. ऐकू आला की बटण दाबायचं. यंत्र आदल्या दिवसासारखंच चालतंय ना, हे पाहायची ती रीत. तिच्या कानांवर सगळ्यांचा भरवसा होता. यंत्राचं आणि तिचं जमेनासं झालं तर संशय आधी यंत्रावर घेतला जायचा. म्हणून तिने पुन्हा कान दिला. ठक्. ठक्. खोल, जड, भिंतीपलीकडे कुणी गादी झोडपावी तसा आवाज. वायर ढिली असेल असं वाटून तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. आवाज तिथेच राहिला, उलट जास्त स्वच्छ झाला. तो तिच्या आतून येत होता, आणि तो कमी करायची सोय कुठल्याही यंत्रावर नव्हती.

बूथमध्ये बसलं की स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, हे नव्या पेशंटना ती हसत सांगायची. घाबरू नका, जिवंत असल्याचा पुरावा आहे, हा तिचा ठरलेला विनोद. आज ते ठोके धावत सुटले. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांना. श्वास घेतला तर तो गळ्याशीच परत फिरला, पुन्हा घेतला तर अर्ध्यावर अडला. मानेवरून घाम पाठीत उतरला आणि गार पडला. समोरची काच, काचेपलीकडची पेन्सिल, तिचे हलणारे ओठ, सगळं जागच्या जागी होतं आणि तरी कुणीतरी हुबेहूब बनवून मांडल्यासारखं खोटं वाटत होतं. आपण मरतोय हे तिला इतकं स्पष्ट कळलं, की त्यात वाद घालायला जागाच नव्हती. आणि त्या वेळी तिला ना नवरा आठवला, ना अर्धवट राहिलेली कामं. आठवलं ते एवढंच, की आईच्या कानातल्या मशीनचा आवाज आपण कमी करून ठेवलाय आणि ते जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. आपण इथे गेलो तर आई शेवटपर्यंत तशीच राहील. बूथच्या दाराची मूठ तिच्या हाताला सापडेना. अखेर दार बाहेरून उघडलं आणि पेन्सिलचा आवाज कानावर आदळला, "अगं, पांढरीफटक पडलीस! बस, खाली बस आधी!"

जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला पलंगावर झोपवून छातीला तारा चिकटवल्या. कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. दंडातून रक्त काढलं. शेजारच्या पडद्याआड एक म्हातारे गृहस्थ खऱ्याखुऱ्या दुखण्याने कण्हत होते आणि त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "डॉक्टर कधी येणार हो?" डॉक्टर इकडे होत्या, तिच्याजवळ. वयाने बऱ्याच लहान, डोळ्यांखाली काळं. त्यांनी पट्टी पाहिली आणि म्हणाल्या, "हृदय अगदी छान आहे तुमचं." सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. "याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात. पहिलाच ना? पहिल्या वेळी सगळ्यांनाच वाटतं, संपलं आता. तुम्ही नाटक करत नव्हता हं, शरीर खरोखर पळत असतं. फक्त मागे वाघ नसतो." मग प्रश्न सुरू झाले. झोप किती? पडते तेवढी, बाकी मोबाइल. कॉफी? होते. होते म्हणजे? "कप रिकामा दिसला की," ती म्हणाली आणि डॉक्टर हसल्या. सकाळी पोटात काय जातं? कॉफीच. चालणं-फिरणं? "पेशंटला हाक मारायला दारापर्यंत." पेन्सिल बाजूला उभी राहून प्रत्येक उत्तराला साक्ष देत होती: "डबा तसाच परत नेते हो ही. सुट्टी घे म्हटलं की अंगावर येते." प्रत्येक उत्तरागणिक तिला हलकं वाटत होतं. हे गुन्हे चारचौघांत सांगण्यासारखे होते. कुणीही कबूल करावेत, आणि त्यावर कुणीही 'आमचंही तेच' म्हणावं. "घरी काही ताण?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "कामाचाच." पडद्याआडच्या बाईंनी पुन्हा डॉक्टरांची चौकशी केली, आणि आपण त्यांचा पलंग अडवून पडलोय या विचाराने ती उठूनच बसली.

नवरा धावत आला होता. परतताना त्याने गाडी इतकी जपून चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण झाले. "काही बोलू नकोस," तो म्हणाला, "नुसती बस." त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं, तिला वाटलं. सगळं त्याच्या माथी मारता आलं असतं. वडील गेल्यावर आईला घरी आणायचं त्याच्याच मनात आधी आलं होतं. आई आली तेव्हा तिच्या दोन्ही कानांनी बराच काडीमोड घेतला होता, आणि तिने स्वतः आईची तपासणी केली, स्वतः मशिनं बसवली. पहिल्या दिवशी आई घरभर फिरत होती. वर्तमानपत्राची घडी मोडून बघायची, चमचा ताटलीवर वाजवून बघायची. "फ्रिज असा गुरगुरतो होय! आणि तू जिना चढताना पुटपुटतेस, माहितीये तुला?" नव्या मशिनांचा आवाज एकदम वाढवायचा नसतो, माणूस भांबावतं, दर काही दिवसांनी एकेक पायरी चढवत न्यायचं, हा त्या कामाचा नियम. तिने नियमाने चढवत नेलं. खाली बाकावर बसणाऱ्या बायकांमध्ये आई जाऊन बसायला लागली, मावशीशी फोनवर तासन्‌तास गप्पा व्हायला लागल्या, आणि घरात काही लपून राहीनासं झालं. एका संध्याकाळी, दार लोटून, हळू आवाजात नवरा म्हणाला होता, "आई थोडे दिवस तुझ्या दादाकडे राहिल्या तर काय बिघडेल? आपण दोघंच असे कधी असतो?" ती भांडली. तडातडा बोलली, त्याची आई असती तर, वगैरे सगळं बोलली. पण बोलताना तिला माहीत होतं की हाच विचार आपल्याही मनात येऊन गेलाय, आणि आपला आवाज चढतोय तो त्यामुळेच. दुसऱ्या दिवशी चहा गाळताना आई पाठमोरीच म्हणाली, "मी दादाकडे जाऊन राहू का गं? त्यालाही बरं वाटेल." म्हणजे लोटलेल्या दारातूनही कालचं सगळं आईपर्यंत पोचलं होतं, हे लेकीला कळलं. "काहीतरीच काय," ती म्हणाली. आणि मग, जणू दुसरंच काही सुचलं म्हणून, "दे बरं मशिनं, साफ करून आणते."

तेव्हा तिने दोनच पायऱ्या उतरवल्या. आईला नको ते ऐकू येऊन त्रास नको, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते खोटंही नव्हतं. वाईट हे, की त्या संध्याकाळी घर किती शांत वाटलं. दार न लोटता बोलता आलं. पुढे एकदा दादाशी फोनवर आईबद्दलच बोलायचं होतं, तेव्हा आणखी थोडं उतरवलं. हे करायला कुठे चाकू-सुरी लागत नव्हती. लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ बोटाने खाली ओढायची, बस. आईने तक्रार केली नाही. कान आणखी गेले, एवढंच ती म्हणाली, आणि वयाला दोष देऊन गप्प बसली. मग आईच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. ते हसू ती रोज कामावर बघायची: समोरच्याने काय म्हटलं ते कळलेलं नसतं, पुन्हा विचारायची लाज वाटते, तेव्हा माणसं मान हलवून 'हो, हो' म्हणतात आणि असं हसतात. पेशंटच्या मुलांना ती बजावून सांगायची की हे हसू दिसलं तर समजा, तुमचं माणूस एकटं पडतंय. आईने बाकावर जाणं सोडलं. "बायका फार वटवट करतात," म्हणाली. फोन वाजला की ती तो दुसऱ्याच्या हातात द्यायची. आता वाढवू, या आठवड्यात वाढवू, असं म्हणत दिवस गेले. कारण वाढवायचं तर सगळं पुन्हा ऐकू जाणार, आणि आता तर तिच्या कानावर जाऊ नये असं आणखी कितीतरी घरात बोललं जायला लागलं होतं.

घरी पोचल्यावर नवऱ्याला आईच्या कानाशी वाकून ओरडून सांगावं लागलं, "तिला बरं नव्हतं! आता ठीक आहे! काळजीचं नाही!" आईला अर्धंमुर्धं पोचलं, पण लेकीचा चेहरा तिला पुरेसा होता. तिने गरम पाणी आणलं, पाय पुसून पांघरूण टाकलं आणि उशाशी बसून, स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या एकसुरी मोठ्या आवाजात म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे. मला कळत नाही का? दिवसभर बहिऱ्यांशी बोलायचं आणि घरी येऊन पुन्हा माझ्यापुढे घसा फोडायचा. माणूस किती करेल?" ती "नाही गं, नाही," म्हणाली, पण ते कुणाला ऐकू जाणार होतं? "मी दादाला बोलावून घेते पुढच्या रविवारी," आई पुढे म्हणाली. "घेऊन जाईल मला. आता कायमचंच राहते तिकडे. तुला विश्रांती मिळेल." नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. ज्याच्यासाठी एवढं भांडण झालं होतं, ते असं ताटात वाढून समोर आलं होतं, आणि त्या दोघांपैकी कुणालाही मान वर करवेना.

पुढचे दिवस ती रजेवर घरी होती आणि नवऱ्याने घराचं आरोग्यधाम करून टाकलं. कॉफीचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. संध्याकाळी तिला हाताला धरून बागेला चकरा मारायला नेऊ लागला, आणि मोबाइल जेवणानंतर त्याच्या खिशात जायचा. "नाश्ता झाला का?" असं कामावरून फोन करून विचारायचा. ती सगळं निमूट करत होती. कॉफी सुटल्याने डोकं दुखलं, मग थांबलं. झोप बरी लागू लागली. डॉक्टरांनी सांगितलेलं एकेक कारण घरातून बाहेर काढलं जात होतं आणि ती खोलीच्या मधोमध राहिलेल्या एका सामानाला वळसा घालून फिरत होती. यातून निघायची एक वाट तिच्या धंद्यानेच तिला सुचवली. हळूहळू चढवायचं, हाच तर नियम. आज एक पायरी, चार दिवसांनी एक. आईला वाटेल कान सुधारतायत. ती दादाकडे जायचं रद्द करेल, बाकावर जाऊ लागेल, आणि कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. कुणाचं काही वाईटही होणार नाही. तिने दुपारी आईकडून मशिनं मागून घेतली, पहिली पायरी चढवली आणि परत आईच्या कानांत बसवली. आई क्षणभर थबकली. "अगंबाई," ती म्हणाली, "जरा बरं येतंय की! काय केलंस?" ती म्हणाली, "थोडं नीट केलं." आईने तिचे दोन्ही हात धरले. "तुझ्या हातात गुण आहे गं. स्वतः आजारी, आणि तरी माझं बघतेस." मग दादाला फोन लावून आपल्या मोठ्या आवाजात त्याला सांगितलं, की कान गेले होते ते पोरीने पुन्हा आणले, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. तिकडून दादा काय म्हणाला ते आईला कळलं नसावं. ती हसली आणि म्हणाली, "हो, हो."

आईला फोनवर सोडून ती उठून आतल्या खोलीत गेली, आणि तिथे ते पुन्हा आलं. या वेळी बूथ नव्हता, रिकामं पोट नव्हतं, कॉफी नव्हती. लख्ख दुपार होती आणि खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं. तेच ठोके, त्याच मुंग्या, श्वास तसाच गळ्याशी अडलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं, की यातून मरत नाही कुणी, येतं आणि ओसरतं. डोक्याला पटत होतं. शरीराला कोण सांगणार? तिने हाक मारली. "आई." स्वयंपाकघराच्या दारातून आईची पाठ दिसत होती. आई मटार सोलत बसली होती. "आई!" तिने जमेल तेवढ्या जोराने म्हटलं. आईच्या खांद्यांना काही कळलं नाही. शेंग उघडली, अंगठा फिरला, दाणे ताटलीत पडले. आईला ही हाक ऐकू जायला किती पायऱ्या कमी पडतायत, हे तिला त्या अवस्थेतही अचूक माहीत होतं. आपणच केलं हे, तिच्या मनात आलं, आपण स्वतःच्या हाताने आपल्यापुरतं हे दार बंद केलं. भिंत धरून ती चालत गेली. ती एवढीशी बोळवजा जागा संपता संपेना. तिचा हात खांद्यावर पडला तेव्हा आई एवढी दचकली की ताटली उपडी झाली आणि दाणे टेबलाखाली पळाले. आईने वर पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि काही न विचारता लेकीला कवेत घेऊन तिथे जमिनीवरच बसली. "आहे मी," ती म्हणत राहिली, "मी इथेच आहे ना."

ते ओसरायला वेळ लागला. ओसरल्यावर तिने उठून कामाचा लॅपटॉप आणला. आईच्या कानांतली मशिनं काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. पडद्यावरची रेघ आता चढवत चढवत नाही, एकदम मुळात होती तिथे नेऊन ठेवली. आई समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती, मशिनं काढली की बघायची तशी, शाळेतल्या नव्या मुलीसारखी. आणि मग तिला बोलावंसं वाटलं. तिने सगळं सांगितलं. ती संध्याकाळ, लोटलेलं दार, साफ करायचं निमित्त, मग पुन्हा एकदा, मग आणखी एकदा. भरभर, न थांबता बोलली. इतक्या महिन्यांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिने वर पाहिलं. आई हसत होती. "हो, हो," आई म्हणाली. तिला स्वतःची शिसारी आली. बिनकानांच्या माणसापुढे पाप कबूल करायला काय लागतं? तिने मशिनं उचलली, एकेक करून आईच्या कानांत बसवली, आणि पुन्हा सुरुवात केली, एवढ्या दिवसांच्या सवयीने, मोठ्याने, शब्द तोडत: "आई! तुझे कान! गेलेले नाहीत! मी—"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "ऐकू येतंय मला."

मग तिने साध्या आवाजात सांगितलं. या वेळी वाक्यं लवकर संपली. फ्रिज सुरू झाला तशी आईची मान तिकडे वळली आणि पुन्हा परत आली. रडेल, चिडेल, उठून जाईल, यातल्या प्रत्येकाची लेकीने मनाशी तयारी केली होती. आई खाली वाकून टेबलाखालचे दाणे गोळा करू लागली. ओंजळ भरली तेव्हा म्हणाली, "तुझी मावशी गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. तेव्हाही कमीच होता?"

आईचं काय काय काढून घेतलं, हे तिने मनात कितीदा तरी मोजलं होतं. बाक मोजला होता, बायका मोजल्या होत्या, फोन मोजला होता. हे मोजलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"खूप वेळ बोलत होती," आई म्हणाली. तिचा आवाज आता मोठा नव्हता. स्वतःचा स्वतःला ऐकू येत असल्यामुळे तो आपोआप खाली आला होता, घरातल्या जुन्या आवाजाइतका. "मी दोनदा विचारलं, काय म्हणालीस म्हणून. मग लाज वाटली. तिला बोलताना धाप लागत होती. म्हणून मग नुसतं हो म्हटलं. कशाला हो म्हटलं, कुणास ठाऊक." तिने दाणे ताटलीत टाकले. कुठल्या तरी मजल्यावर दार आपटलं आणि आईने डोळे मिटून घेतले, मग उघडले. "काहीतरी मागत असेल तर?"

लेकीची छाती भरून आली होती, पण हे मघासारखं नव्हतं; यात पळत काहीच नव्हतं, नुसतं जड होतं, आणि ते ओसरेल असं कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. "आई, तू जाऊ नकोस रविवारी," ती कशीबशी म्हणाली. "माझ्यासाठी नको, पण..."

"जाणार आहे," आई म्हणाली. "दादाकडे नाही. त्याला म्हणेन, मला मावशीच्या लेकीकडे सोड. फोन लावून दिला होता तो तिनेच, शेजारी बसली असेल तेव्हा. तिला विचारते, तुझी आई त्या दिवशी माझ्याशी काय बोलत होती. आता सांगेल ते कळेल तरी मला."

"मी येऊ बरोबर?"

आईने तिच्याकडे पाहिलं. मग ताटली जवळ ओढून एक शेंग उचलली आणि उघडली.

"नको," ती म्हणाली. "तू झोप जरा."